तातोबाचा हिसका

"परत चालवा," अप्पासाहेब म्हणाले.

रेणुका मॅडमनी बटण दाबलं. लोखंडी हात प्रेससमोर येऊन थांबला. प्रेसपुढच्या जाळीची कडी टक्कन सुटली, जाळी वर सरकली, आणि आत शिरायच्या आधी हाताच्या कोपरानं बाजूला एक हिसका मारला. चार बोटांचा, जास्त नाही. मग काही झालंच नाही अशा थाटात तो आत गेला, लालभडक तापलेला लोखंडी जॉब धरला, बाहेर आणला आणि पाण्याच्या टाकीत सोडला. चर्रर्र.

हाताभोवती लावलेल्या साखळीबाहेर सगळे उभे होते. झाडू घेऊन उभी असलेली हौसाक्का तेवढी साखळीपर्यंत पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला, घरात मोठं माणूस आल्यावर करतात तसा.

"ह्यो ह्यांचा हिसका हाय," ती म्हणाली.

मी पॅनेलच्या मागं बसलो होतो, दातात टेस्टर धरून. टेस्टर नसता तर हसू फुटलं असतं.

नऊ वर्षं झाली याला. शिरोलीकडं अप्पासाहेब मगदुमांचा फोर्जिंगचा, म्हणजे लोखंड तापवून ठोकायचा कारखाना होता आणि मी, विलास नेजदार, तिथला इलेक्ट्रिशियन. कुणाच्या डब्यात बेडूक निघाला, कुणाची चप्पल फरशीला चिकटली, कुणाच्या पाठीवर ‘विकणे आहे’ची पाटी लागली, की लोक तपास करत बसायचे नाहीत. सरळ माझ्या नावानं शिव्या सुरू.

हौसाक्काचा नवरा तातोबा भेंडवडे बावीस वर्षं त्या प्रेससमोर उभा होता. सांडशीनं गरम जॉब काढायचा आणि टाकीत सोडायचा. उचलायच्या आधी उजवीकडं कोपराचा एक हिसका, मगच हात आत. दिवसातनं पाचशे वेळा उचलायचा, पाचशे वेळा हिसका. आदल्या दिवाळीत घरीच गेला, झोपेत. त्याच्या जागेवर दुसरं माणूस टिकेना, तेव्हा अप्पासाहेबांनी गडहिंग्लजची रेणुका हिरेमठ आणली. सत्तावीस वर्षांची पोरगी. तिनं कारखान्यातच लोखंड कापून, जोडून हा हात उभा केला, सांध्यांत मोटरी बसवल्या आणि त्याला चालवणारं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं. लोक त्याला रोबो म्हणायचे नाहीत. हातच म्हणायचे.

आता मला सांगा, तातोबाच्या जागेवर हात उभा आणि मी गप बसायचं?

पंचगंगेवर मासे धरायची माझी दोरी होती, नायलॉनची, बारीक, उजेडातसुद्धा दिसायची नाही. तिचं एक टोक हाताच्या कोपराला मागनं बांधलं. दोरी वर छपराच्या काजळी धरलेल्या लोखंडी कैचीवरनं नेली आणि दुसरं टोक जाळीची कडी सोडवणाऱ्या हवेच्या सिलिंडरला अडकवलं. तो सिलिंडर दर खेपेला क्षणभर पुढं यायचा आणि मागं जायचा. म्हणजे मी कुठंही असलो तरी हिसका आपोआप. सिलिंडर डाव्या अंगाला होता, दोरीही तिकडनंच यायची, म्हणून हिसका डावीकडं बसायचा. तातोबाचा उजवीकडं असायचा. पण एवढं कोण बघतंय.

"ते हिसका-बिसका मला काय सांगू नका," अप्पासाहेब त्या बुधवारी रेणुकाला म्हणाले. "पुढल्या बुधवारी चार वाजता पुण्याची पार्टी येणार. पन्नास जॉब सरळ निघाले तर हात राहील. एक जरी हिसका बसला तर गॅस कटर लावून भंगारात घालणार. आणि तुम्ही गडहिंग्लजला जायचं, कॉम्प्युटरचे क्लास घ्यायला. परत शिरोलीत यायचं नाही."

पोरीनं नुसती मान हलवली. आठ महिने ती त्या हातापाशीच उठत-झोपत होती. मला वाटलं, दोन दिवस गंमत करू आणि दोरी काढू.

दुसऱ्या दिवशी चहाला तिनं मला लॅपटॉप दाखवला. एक सरळ रेघ, आणि मध्येच टेंगूळ.

"मामा, इथं त्याला कुणीतरी ओढतंय."

चहा माझ्या नाकात गेला. "कोण?"

"तेच कळत नाही. पण त्याला कळतंय."

"त्याला काय जीव हाय?"

तिनं तीन कप एकावर एक ठेवले. "वरचा कप म्हणजे अप्पासाहेब. जॉब कुठं पाहिजे एवढंच त्यांना माहीत. हात कुठं आहे बघायचं, अंतर दिसलं की ओरडायचं. मधला मुकादम. कुठं जायचं ते त्याला ठाऊक नाही, तो फक्त वेग सांभाळतो. वेग चुकला की खालच्यावर ओरडतो. खालचा हमाल. त्याला जागा माहीत नाही, वेग माहीत नाही. सांगितला तेवढा जोर लावायचा, आणि लागला का ते बघायचं. सेकंदाला दहा हजार वेळा बघतो."

"आणि अप्पासाहेब?"

"एक हजार वेळा."

"आमचे अप्पासाहेब महिन्यातनं एकदा बघत्यात."

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. "तर समजा, तुम्ही हाताला ओढलंत—"

"मी कशाला ओढू?"

"समजा हो. जागा चुकली हे वरच्याला दिसायच्या आधीच मधल्याला वेग बिघडलेला दिसतो. तो हमालाला सांगतो आणि हमाल उलट्या बाजूनं जोर लावतो. हे टेंगूळ म्हणजे तो जोर. म्हणजे ओढणारं कुणीतरी आहेच."

तिनं त्या दिवशी सांधे उघडले, गिअर बघितले, ग्रीस बदललं. दोरी तिच्या डोक्यावर वीतभर होती.

शुक्रवारी हिसका कमी झाला. चार बोटांचा दोन बोटं. म्हटलं दोरी ताणली असेल, दुपारी आखडली. परत चार बोटं. संध्याकाळपर्यंत परत दोन. शनिवारी दोरी दुहेरी केली. सकाळी दणका बसला, हौसाक्कानं हात जोडले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक बोट. रविवारी दोरी कडक ताणलेली मला, कुठं बघायचं ते ठाऊक असल्यानं, खालनं दिसत होती, सिलिंडर जीव खाऊन ओढत होता, आणि हात बाजूला तसूभरही ढळत नव्हता. गळाला मोठा मासा लागावा आणि त्यानं तळाला जाऊन नुसतं थांबावं, तसं. मला ते आवडलं नाही. माझी थट्टा आजवर कुणी अशी गुमान पचवली नव्हती.

रेणुका मात्र उड्या मारत होती. "मामा, बरा झाला! आता मी याला बोट लावणार नाही. कुलूप घातलं."

"कशाला कुलूप?"

"जसा आहे तसाच राहील. बुधवारपर्यंत काही बदलणार नाही."

मला बरं वाटलं. पण संध्याकाळी हाताच्या पायथ्याशी पानाची पट्टी दिसली, चुना लावलेली, वर तंबाखूची चिमूट. तातोबासाठी हौसाक्का रोज ठेवत होती म्हणे. ते बघून माझं हसणं कुठं गेलं कुणास ठाऊक. सोमवारी कारखान्याला सुट्टी. पॅनेल साफ करायचंय सांगून मी एकटाच आत गेलो, शिडी लावली, दोरी सोडवली, गुंडाळून खिशात घातली. सिलिंडरला एक धागा ठेवला नाही. पान मात्र तिथंच राहू दिलं.

मंगळवारी सकाळी पहिलाच जॉब. कडी टक्कन सुटली, जाळी वर गेली, आणि हातानं हिसका मारला.

उजवीकडं.

माझ्या हातातनं पक्कड खाली पडली. हौसाक्का साखळीपाशी उभी होती. तिचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू.

"आता बरोबर," ती म्हणाली. "इतकं दिवस डावीकडं मारत हुते. नव्या जागंत माणूस गोंधळतंयच की."

दुसरा जॉब, उजवीकडं. तिसरा, उजवीकडं. त्याच क्षणाला, तेवढाच, कोपर तसंच वाकवून. बावीस वर्षं बघितलेला हिसका मी ओळखणार नाही होय? बाकीचे घाबरले होते ते माझ्या थट्टेला. आपली थट्टा आपल्या खिशात गुंडाळून ठेवलेली, हे फक्त मला माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी परत शिडीवर चढलो. कैचीवरनं हात फिरवला. काजळी, कोळिष्टकं. दोरी नाही. खाली उतरून हातापाशी गेलो. तो नुसता थांबून होता. मी कोपरावर तळवा ठेवला. आतनं बारीक थरथर येत होती, झोपलेल्या म्हशीच्या अंगाला असते तशी. मी हळूच ढकललं. त्यानं तेवढंच परत ढकललं. जोरात ढकललं, तर जोरात. मी सोडलं, तर तोही थांबला. रांगेत मागचा माणूस खांदा लावून उभा असावा, तसं.

"तातोबा?" मी म्हटलं. कुणाला सांगू नका, पण म्हटलं.

बुधवारी सकाळी रेणुकाचे डोळे सुजलेले होते. साडेबारा वाजले तरी हात हिसके मारतच होता. मी तिच्यासाठी चहा नेला.

"मॅडम, कोल्हापुरात एक जाणकार हाय. उतारा देतो."

"मामा, भूत नाहीये. मला कळलंय काय होतंय ते. का होतंय ते कळत नाही."

"म्हणजे?"

"त्या तिघांच्या वर मी एक चौथा थर टाकला होता. तो लक्षात ठेवणारा. एकाच जागी रोज धक्का बसत असेल तर तिघांनी दर वेळी नव्यानं कशाला धावायचं? चौथा मागची खेप आठवतो, आणि धक्का यायच्या क्षणाला आधीच उलट जोर लावायला सांगतो. आधी थोडा, मग जास्त. पुरेसा शिकला की धक्का बसल्याचं कळतसुद्धा नाही."

माझे कान गरम झाले.

"रविवारी तो पुरता शिकला होता. म्हणून मी त्याचं शिकणं बंद केलं. शिकलेलं तेवढं ठेवलं. मंगळवारपासनं ओढणारं जे काही होतं ते नाही, मामा. कुणीच ओढत नाही. पण याला वाटतंय, ओढणार. म्हणून दर वेळी हा आधीच अंग चोरतोय."

"मग पुसा की ते शिकलेलं!"

"एका बटणाचं काम आहे. पण ते काय होतं? पाच दिवस आलं आणि गेलं. मी पुसलं आणि पार्टीसमोर ते परत, भलत्याच वेळी आलं तर? चिमट्यात लाल जॉब असणार, चार माणसं साखळीपाशी उभी असणार. हिसक्यानं जॉब सुटला तर कुणाच्या अंगावर जाईल? ओढणारं काय होतं हे कळल्याशिवाय मी नाही पुसणार. हात गेला तर गेला."

एवढं बोलून ती लॅपटॉपवर डोकं टेकून बसली.

खिशात दोरी होती. मला काय सुचलं असेल सांगा? खरं बोलायचं सुचलं नाही. दोरी परत बांधावी, हे सुचलं! दोरी असली की हात सरळ. पन्नास जॉब निघतील, पार्टी जाईल, मग निवांत बघू. सगळे जेवायला गेल्यावर मी शिडी चढलो. गाठ मारायला वाकलो, तर खाली हौसाक्का. मी तिला दिसत नव्हतो. ती हाताशी बोलत होती.

"आज मेथी केलीया. तुमच्यागत जमली न्हाई, मीठ जास्त झालं." मग जरा थांबून, "अप्पासाब म्हणत्यात कापून टाकणार. एक काम करा. चार वाजल्यापास्नं पन्नास डाव तेवढं हिसका मारू नका. मग मारा काय मारायचं ते. एवढं ऐका माझं. त्या पोरीसाठी म्हणून ऐका."

हात थांबूनच होता. कडी सुटली नाही, म्हणून हिसका नाही. पण तिला वाटलं, त्यानं ऐकलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि कोपराला बोट लावलं. नुसतं लावलं.

मी वर कैचीला धरून, तोंडात दोरी घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा गाठ मारता येईना.

साडेतीन वाजता अप्पासाहेब आले. हातानं त्यांच्या डोळ्यांदेखत तीन हिसके मारले. ते रेणुकाकडं बघेनात. "कटर आणा," एवढंच म्हणाले. हौसाक्का साखळीखालनं आत घुसली आणि हातासमोर उभी राहिली.

"आदी मला कापा."

"अहो आक्का, बाजूला व्हा, मशीन आहे ते!"

मी खिशातनं दोरी काढून टेबलावर टाकली.

"ही ओढत हुती," मी म्हटलं. "बुधवारपास्नं रविवारपर्यंत. सोमवारी मी काढली. आता परत येणार न्हाई."

अप्पासाहेबांनी दोरीकडं बघितलं, मग कैचीकडं, मग माझ्याकडं. त्यांनी जे शब्द वापरले ते इथं लिहिता येत नाहीत, पण त्यात माझ्या सात पिढ्या बसल्या आणि वर दोन शिल्लक राहिल्या. रेणुका टेबलापाशी आली. तिनं दोरी बोटावर गुंडाळून ताणून बघितली, सिलिंडर कुठं ते विचारलं, डावीकडं की उजवीकडं विचारलं. मग लॅपटॉपकडं गेली. तिथं थांबली.

"आक्का," ती म्हणाली, "मी हे पुसू?"

हौसाक्का माझ्याकडं बघत होती. शिवी नाही, रडणं नाही. "ह्ये नव्हतेच व्हय?" तिनं विचारलं.

"नव्हता, आक्का. मी हुतो."

ती साखळीखालनं बाहेर आली. "पूस बाळ," म्हणाली. "चार वाजायला आल्यात."

पन्नास जॉब निघाले. पन्नास वेळा कडी टक्कन सुटली, आणि पन्नास वेळा हात सरळ आत गेला, सरळ बाहेर आला. पुण्याची पार्टी खूश झाली, पेढे खाऊन गेली. हात राहिला, रेणुका राहिली. मला अप्पासाहेबांनी हाकललं नाही, कारण पोरगी मध्ये पडली. पण महिनाभर पॅनेलला हात लावायचा नाही, हौसाक्काच्या हाताखाली झाडू मारायचा, असा हुकूम निघाला.

पहिल्या दिवशी आम्ही झाडत होतो. प्रेसपाशी आल्यावर ती म्हणाली, "त्यो हिसका ह्यांचा न्हवताच मुळात."

"म्हणजे?"

"लगनात न्हवता. मागनं लागला. कोण वांड कामगार हुता हितं, रोज डाव्या कानात वारं सोडायचा म्हणं, हवेच्या नळीनं. उचलाय वाकले की फुस्स. महिनाभर केलं. मग त्यो थांबला, पर ह्यांचं अंग काय थांबलं न्हाई. तव्यावरची भाकरी उचलताना हिसका, देवापुढं वाकताना हिसका. लोकं हसायची. शेवटच्या राती पाण्याचा तांब्या उचलला, तवाबी."

मी झाडू धरून उभा. बावीस-तेवीस वर्षांचा असताना मी नवीन लागलो होतो आणि माझ्याकडं हवेच्या नळ्या बघायचं काम होतं. अशा थट्टा मी किती केल्या, कुणी मोजल्यात? पण तातोबा कसा दचकायचा, ते एका क्षणात डोळ्यापुढं आलं. मलाच लोक सांगायचे की तातोबाची ती लकब आहे, आणि मीच ती नक्कल करून दाखवायचो.

"कोण ते त्यांनी सांगितलं न्हाई कधी?" मी विचारलं.

"न्हाई. म्हणायचे, पोरगं हाय, जाऊ दे."

"आक्का," मी म्हटलं, "त्यो मी."

ती झाडायची थांबली. मग झाडूनं माझ्या पायापुढची जागा दाखवली. "हितं ऱ्हायलंय. झाड."

दुसऱ्या दिवशी मी सुपली उचलायला वाकलो, आणि डाव्या कानात गार पाणी. वळून बघितलं, तर हौसाक्का टाकीपाशी, बोटं ओली, तोंडावर काही नाही. मी हसलो. ती हसली नाही. तिसऱ्या दिवशी परत, वाकलो की. चौथ्या दिवशी परत. चोवीस दिवस, एकही चुकवला नाही. सव्विसाव्या दिवशी मी वाकलो, आणि पाणी आलं नाही. ती लांब दाराशी उभी होती, हात कोरडे. पण माझं कोपर उजवीकडं गेलं होतं.

ते बघून ती पदर तोंडाला लावून हसली. मग कधी पाणी मारलं नाही.

ती जाऊन आता चार वर्षं झाली. माझी नात दीड वर्षाची आहे. पाळण्यातनं तिला रोज मीच उचलतो, आणि उचलताना माझं जे व्हायचं ते होतंच. परवा ती फरशीवर बसली होती. समोर बाहुली. मी लांबनं बघत होतो. तिनं बाहुलीकडं हात नेला, थांबली, उजवीकडं कोपराचा एक हिसका मारला, आणि मग उचलली.